वाटूरच्या कडूबाची मोसंबी

केदारखेड्याचे काकासाहेब कटिंगच्या दुकानात खुर्चीवर रेलून सांगायचे, "आमच्या मंडळीच्या मनात काय चाललंय, ते मला भाकरी थापायच्या आवाजावरून कळतं. तिला कळायच्या आधी कळतं." मानेवर वस्तरा असताना माणूस खोटं कशाला बोलेल, म्हणून गावानं ते खरं धरलं होतं.

आणि मग त्याच काकासाहेबांच्या पुष्पाबाईंना, तुमच्या मनात काय आहे ते सांगा, असं विचारायला शहरातून गाडी करून माणसं यायला लागली. नुसती विचारत नव्हती, लिहूनही घेत होती.

झालं होतं असं. एका मेडिकल कॉलेजची मंडळी एक प्रश्नावली घेऊन हिंडत होती. बाया कर्करोगाची तपासणी का करून घेत नाहीत, त्यांना भ्या कशाचं वाटतं, आडकाठी कशाची येते, असले प्रश्न. प्रश्नावली मूळची अमेरिकेची. पुढं ती चिनी बोलणाऱ्या बायांसाठी बदलून घेतलेली, आणि आता भोकरदन तालुक्यातल्या बायांसाठी बदलायची होती. त्यासाठी गावातल्या बायांची समिती बसवली, आणि समितीत सगळ्यात पुढं पुष्पाबाई.

"चीनच्या बाया झाल्या आन एकदम तूच?" काकासाहेब म्हणाले. "मधी कोणी सापडलं न्हाई का?"

"त्यांना बोलणारी बाई पाह्यजे व्हती."

"तू तर घरात तोंड उघडत न्हाईस."

"घरात कोणी विचारत न्हाई," पुष्पाबाई म्हणाल्या आणि चप्पल घालून समितीला गेल्या.

समितीत काय झालं ते काकासाहेबांना ठाऊक नव्हतं. तुम्हाला मात्र सांगून ठेवतो, नाही तर तुम्हीही त्यांच्यासारखे वाटूरला जाल.

पहिल्याच प्रश्नावर गाडी अडली. राजानंद नावाच्या तरुण डॉक्टरनं वाचलं, "येत्या काही वर्षांत मला कर्करोग होण्याची शक्यता आहे. सहमत की असहमत?" अर्ध्या बाया उठून चपला शोधायला लागल्या. आपल्याच तोंडानं आपल्याला असं वंगाळ कोण बोलणार? एका म्हातारीनं तर राजानंदला विचारलं, "बाळा, तुझ्या घरी बोलतेत का असं?" चिनी बायांच्या वेळी काय केलं होतं ते कागदात होतं, पण म्हातारीला कागद दाखवून काय उपयोग.

तोड पुष्पाबाईंनी काढली. "आमच्यावर घेऊ नका सर. एखादी बाई धरा. लांबची, वाटूरची धरा. तिकडं आमचं कोणी न्हाई. मंग ती का जात न्हाई, कशाला भेती, काय बी विचारा. दिवसभर सांगू."

अशी वाटूरची बाई जन्माला आली. पुढं 'घरच्यांची साथ' हा प्रश्न आला, म्हणून तिला नवरा पाहिजे झाला. त्याचं नाव ठेवलं कडूबा. मग ज्या बाईच्या घरात जे नव्हतं, ते तिनं कडूबाला देऊन टाकलं. एकीनं मोटारसायकल दिली. एकीनं बायकोचं बोलणं मधी न तोडता ऐकायची सवय दिली. पुष्पाबाईंनी जरा विचार करून मोसंबी दिली. म्हणाल्या, "बायको आत गेली की तो तिची पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बसतो. मोसंबी सोलून ठेवतो. वरचे पांढरे दोरेबी काढतो."

संत्रं कोणीही सोलतं. मोसंबी नखानं सोलायला माणसाच्या जिवात माया लागते.

त्याच आठवड्यात पुष्पाबाईंनी नवऱ्याला विचारलं, "गुरुवारी राजूरला तपासणीचं शिबिर हाय. येता का संगं?"

"बायांच्या कामात माझं काय काम?" काकासाहेब म्हणाले आणि पेपर उलटा केला.

पेपर उलटा होता म्हणूनच असेल, पण त्यांचं लक्ष जरा वेळानं फोनवर गेलं. पुष्पाबाई ओसरीवर राजानंदशी बोलत होत्या. "न्हाई सर, कडूबा तसा न्हाई. कडूबा कटाळत न्हाई. पिशवी घेऊन बसून राह्यतो. मोसंबीचे दोरेबी काढतो. हो हो, वाटूरचाच." आणि हसल्या. मोकळं, डोकं मागं टाकून हसल्या. हे हसू आपल्या घरात होतं हेच काकासाहेबांना माहीत नव्हतं.

संध्याकाळी ते चुलीजवळ कान लावून बसले. भाकरी थापायचा आवाज येत होता, पण त्यातून कळत काही नव्हतं. ती परात नुसतं कडूबा, कडूबा, कडूबा म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी विहिरीवरच्या मोटारीच्या वाइंडिंगचं निमित्त सांगून काकासाहेब निघाले, जालन्यात गाडी बदलली आणि वाटूर फाट्यावर उतरले. रस्ताभर त्यांनी कडूबा मनात रंगवला होता. पिळदार मिशा, काळा गॉगल, आणि मोसंबी सोलून सोलून पिवळी झालेली नखं.

फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला त्यांनी कडूबाचं घर विचारलं. त्यानं दाखवलेल्या घराच्या दारात एक म्हातारबाबा बसले होते. तोंडात दात नावाला नव्हता. शेजारी त्यांच्या मंडळी, चांगुणाबाई, सुपात मूग निवडत होत्या. शहाणा माणूस तिथूनच परत फिरला असता. पण रागाच्या भरात इतक्या लांबचं तिकीट काढलेला माणूस असा फिरत नाही.

"कडूबा तुम्हीच?"

"मीच. कोणीकडून आले?"

"केदारखेड्याहून. आमच्या मंडळीसाठी मोसंबी सोलणं बंद करा."

चांगुणाबाईंचा सुपातला हात थांबला. "काय सोलतेत हे?"

"मोसंबी. दोरेबी काढतेत."

"घरात भुईमुगाची शेंगबी मी सोलून दिल्याबिगर खात न्हाईत," चांगुणाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "कोणासाठी सोलली वो?"

"आगं, मला दात न्हाईत," म्हातारबाबा कळवळून म्हणाले. "मी मोसंबी कशाला सोलू?"

"तुम्हाला न्हाईत. तिला असतील."

"आन गुरुवारी राजूरच्या शिबिरात दिसले तर बराबर होणार न्हाई," काकासाहेबांनी जाता जाता बजावलं, आणि छाती काढून गाडीत बसले. आपण चांगुणाबाईंना वार, गाव आणि ठिकाण सगळं नीट देऊन आलो, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून आणि खिशात दोन मोसंब्या कोंबून ते दारात उभे राहिले.

"तुम्ही?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"येऊन राह्यलो. काही अडचण?"

जीपमध्ये पुष्पाबाई बराच वेळ बाहेर बघत होत्या. राजूर जवळ आल्यावर खाली मान घालून म्हणाल्या, "काखेपाशी गाठीवानी लागतंय. आखाडापासून."

"मंग बोलली का न्हाईस?"

"येता का म्हणलं व्हतं. तेच बोलणं व्हतं ते."

काकासाहेबांचा वाटूरपासून सांभाळून आणलेला राग तिथंच जीपमध्ये राहिला. उतरताना ते एक मोसंबीही विसरणार होते.

पुष्पाबाई पडद्याआड गेल्या. काकासाहेब त्यांची फुलाफुलांची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले आणि मोसंबी सोलायला लागले. साल निघेना. सालीचं पाणी डोळ्यात उडालं, डोळे वाहायला लागले. का वाहत होते ते नक्की सांगता येणार नाही.

तेवढ्यात समोर चांगुणाबाई उभ्या. मागं कडूबा, बैलानं ओढल्यासारखे.

"हाच तो," चांगुणाबाई म्हणाल्या. "आन बघा, मोसंबी ह्याच्याच हातात. कुठाय तुझी मंडळी? मला पाहू दे तिच्यात काय हाय ते."

"आत हाय ती. तपासून राह्यलेत," काकासाहेब म्हणाले, आणि आवाज असा निघाला की चांगुणाबाईसुद्धा जरा नरमल्या.

गलका ऐकून राजानंद बाहेर आला. सगळं ऐकून त्यानं कपाळावर हात मारला. "काका, कडूबा नावाचा माणूसच नाही. प्रश्न विचारायला सोपं जावं म्हणून समितीतल्या बायांनी तो बनवला होता. मोसंबीचं तर पुष्पाकाकूंनीच सुचवलं."

"म्हणजे कडूबा न्हाईच?"

"मी हाय की," म्हातारबाबा मागून हळूच म्हणाले.

"आणि आता तो कागदावरचा कडूबाही काढून टाकला आम्ही," राजानंद म्हणाला. "गावोगावच्या बायांना वाचून दाखवलं. कोणालाच पटेना. बाई खरी वाटती म्हणाल्या, नवरा खोटा वाटतो."

चांगुणाबाईंनी एकदा आपल्या कडूबाकडं पाहिलं आणि मान डोलावली. "त्या बराबर बोलल्या. आता इथवर आलेच हाय तर मलाबी तपासा." पिशवी म्हाताऱ्याच्या मांडीवर आदळून त्या रांगेत जाऊन बसल्या.

पडदा सरकला आणि पुष्पाबाई बाहेर आल्या. काकासाहेब ताडकन उठले, पिशवीसकट.

"साधीच गाठ वाटती म्हणल्या डॉक्टरीणबाई. जालन्याला एकदा सोनोग्राफी करून घ्या म्हणल्या, भेऊ नका."

काकासाहेब मटकन बसले. मग पुष्पाबाईंची नजर बाकावर गेली.

"मोसंबी?"

काकासाहेबांनी खाली पाहिलं. बाकावर दोन मोसंब्यांची साल होती आणि पांढऱ्या दोऱ्यांचा नीट केलेला ढीग. पडदा हलला की भीतीनं एक फोड तोंडात जात होती, आणि पडदा फार वेळा हलला होता.

पुष्पाबाई त्या सालीकडं बघत राहिल्या, आणि मग हसल्या. तेच ते, डोकं मागं टाकून, ओसरीवरचं हसू.

"सर," त्या राजानंदला म्हणाल्या, "कडूबाच्या जागी हे लिहा. येतो, बसतो, दोरेबी काढतो, आन आपणच खातो. बायांना पटंल."

पटलं म्हणे. काकासाहेब आता कटिंगच्या दुकानात भाकरीच्या आवाजाचं काही काढत नाहीत. "चीनहून आलेल्या प्रश्नावलीत मी हाय," एवढंच सांगतात. कोणत्या प्रश्नात, असं कोणी विचारलं, की मात्र त्यांची दाढी अर्धी झालेली असली तरी ते उठतात.