एक चमचा आणि बाकीचं ताट

सहलीच्या तिसऱ्या आणि शेवटच्या दिवशी सकाळी तपासनीस लॉजच्या पलंगावर मांडी घालून बसले आणि त्यांनी वहीत आणखी एक फुली मारली. ही फुली लॉजच्या नाश्त्याची होती. तिच्यावर आधीच्या दोन दिवसांतल्या सहा फुल्या एकाखाली एक शिस्तीत उभ्या होत्या आणि बरोबरची खूण शोधूनही सापडत नव्हती.

"अगं, आज काहीही करून एक तरी जेवण पास झालं पाहिजे," ते म्हणाले.

"होईल हो," बायको आरशासमोर केस विंचरत म्हणाली. नवऱ्याला काळजी लागली की तिला हमखास शांत वाटायचं.

तपासनिसांनी बिस्किटांच्या कारखान्यात एकतीस वर्षं नमुने तपासले होते. भट्टीतून उतरलेल्या मालातलं एक बिस्किट उचलायचं, मोडून पाहायचं, कडेचा तुकडा चावायचा आणि शिक्का मारायचा, पास नाहीतर नापास. दुसऱ्या बिस्किटाला त्यांनी कधी हात लावला नाही. भरल्या पोटी माणसाची जीभ लाच खाते, असं ते नव्या लोकांना शिकवायचे. निवृत्त होऊन सहा महिने झाले होते, पण निवृत्तीचा कागद जिभेपर्यंत पोचला नव्हता. इतरांच्या घरी शितावरून भाताची परीक्षा ही म्हण असते, यांच्या घरी तो रोज साडेबाराचा कार्यक्रम होता. बायकोने सुरुवातीची दोन वर्षं निकालाची वाट पाहिली आणि मग सोडून दिली.

या सहलीमागे मात्र साधीसुधी हौस नव्हती, साडू होता. विम्याचा एजंट असलेला, बारा महिने काळी छत्री बाळगणारा हा साडू मागच्या वर्षी याच शहरात येऊन गेला होता. बंदरालगतच्या रस्त्यावर निळ्या छपराच्या हॉटेलात आपण काय जेवलो, मासा कसा लोण्यासारखा सुटत होता, आणि शेवटी मुख्य आचारी स्वतः बाहेर येऊन कसा हात मिळवून गेला, हे त्याने वर्षभर ज्याला त्याला ऐकवलं. लग्नाच्या पंगतीत ऐकवलं, वाढदिवसाला ऐकवलं. सलाइन लावून पडलेल्या मामेसासऱ्यांनाही सोडलं नाही. तपासनीस हे सगळं मूग गिळून ऐकत. पण एकदा घरी परतताना बायको सुस्कारा टाकून म्हणाली, "ताईची मजा आहे," आणि ते वाक्य त्यांना लागलं. एकतीस वर्षं ज्याची जीभ मालाचं भवितव्य ठरवत होती, त्याच्या बायकोला आठवणीत राहील असं एक जेवण मिळू नये, याची त्यांना मनापासून लाज वाटली. रविवारी साडूकडे चहाला जायचं होतं. तो विचारणार, यात शंका नव्हती.

काल आणि परवा एक चूक झाली होती, असं त्यांचं मत होतं. नापास झालेलं जेवण दोघांनी शेवटपर्यंत खाल्लं, त्यात वेळही गेला आणि पोटातली जागाही. म्हणून आज नवा नियम केला. एक चमचा घ्यायचा. नापास झालं की उठायचं आणि पुढचं हॉटेल गाठायचं. बंदरालगतच्या रस्त्यावर एकूण सहा हॉटेलं होती. त्यातलं निळं छप्पर साडूने उष्टं केलेलं, म्हणून वगळायचं. उरलेल्या पाचांतलं एक तरी पास होणारच.

बरोबर अकराला ते पहिल्या हॉटेलात शिरले. पांढरे स्वच्छ टेबलक्लॉथ, खिडकीतून दिसणाऱ्या होड्या, सगळं नमुनेदार होतं. सूप आलं. तपासनिसांनी एक चमचा तोंडात घेऊन डोळे मिटले. वेटर ताटकळत उभा राहिला.

"मिठाचा ठिकाणा नाही," ते डोळे उघडून म्हणाले. "नापास. चल."

"तुम्ही व्हा पुढे," बायको म्हणाली. "मागवलेलं टाकून उठायचं मला नाही जमत. आईने तशी सवयच लावली नाही."

हे त्यांना पटण्यासारखं होतं. ते बाहेर जाऊन वहीत शेरा लिहू लागले. लिहिता लिहिता त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर बायको खाली मान घालून हळूहळू सूप पीत होती. सूप कडकडीत गरम असल्यामुळे तिचे डोळे पाणावले होते. वेटर अदबीने वाकून तिला काही विचारत होता, तिने नुसती मान हलवली. थोड्या वेळाने त्याच वेटरने तिच्यापुढे न मागवलेलं काहीतरी आणून ठेवलं.

"काय विचारत होता?" ती बाहेर आल्यावर त्यांनी चौकशी केली.

"साहेब परत येणार आहेत का, म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, नाही येणार. खरंच आहे ना?"

दुसऱ्या हॉटेलात त्यांनी भाताची चार शितं दाताखाली धरली आणि एक कमी शिजल्याचं जाहीर केलं. तिसऱ्या हॉटेलात पाव शिळा निघाला, म्हणजे सकाळचा. दोन्हीकडे ते बाहेर येऊन उभे राहिले आणि बायको मागचं निस्तरायला आत थांबली. आपल्यापायी बिचारीला नापास माल संपवावा लागतोय, असं वाटून त्यांना थोडं वाईट वाटलं. तिसऱ्या हॉटेलात तर तिला बराच वेळ लागला. खिडकीतून डोकावल्यावर दिसलं, की पांढरी टोपी घातलेला, गालाला पीठ लागलेला एक धिप्पाड माणूस तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला आहे आणि स्वतःच्या हाताने तिच्या ताटात मासा वाढतो आहे.

आता या रस्त्याची एक गोष्ट तपासनिसांच्या ध्यानात आली नव्हती. रस्ता अरुंद होता आणि प्रत्येक हॉटेलाच्या दारात एकेक माणूस गिऱ्हाइकांची वाट पाहत दिवसभर उभा असायचा. अशा माणसाला येणाजाणाऱ्यांकडे पाहण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. काखेत वही मारलेला एक गृहस्थ बायकोला टेबलाशी बसवतो, एक घास घेतो, नाक मुरडतो आणि तिला एकटीला सोडून चालता होतो, हे पहिल्या दाराने पाहिलं. दुसऱ्या दाराने खात्री करून घेतली. तिसऱ्या दारापर्यंत त्या गृहस्थाने बायकोला घराबाहेर काढायचं ठरवल्याची बातमी पक्की झाली होती.

चौथ्या दारातला दरवान म्हणूनच हात आडवा धरून उभा राहिला.

"बाईंना आत येऊ द्या," तो गंभीरपणे म्हणाला. "तुम्ही इथेच थांबा."

"अहो, मी नवरा आहे तिचा."

"कळलं ते आम्हाला."

बायकोने जाता जाता मागे वळून पाहिलं, आणि तिची ती नजर दरवानाला फार करुण वाटली असावी, कारण त्याने तपासनिसांकडे पाहून सरळ तोंड फिरवलं. एकतीस वर्षांत नमुना न घेता माल परत धाडायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, इथे खुद्द तपासनीसच दारातून परत गेला. आतून आल्याचा आणि भाजलेल्या कांद्याचा वास येत होता. मघाच्या त्या कच्च्या शिताची त्यांना अचानक आठवण झाली. ते तितकंसं कच्चं नव्हतं.

पाचव्या हॉटेलाच्या माणसाने त्यांना लांबूनच पाहिलं आणि दारावर 'स्वयंपाकघर बंद' अशी पाटी लावली. घड्याळात तीन वाजले होते, म्हणजे पाटी कदाचित खरीही असेल. तपासनिसांच्या पोटात कावळे कोकलत होते. सकाळपासून त्यांच्या पोटात नाश्त्याचा एक घास, एक चमचा सूप, चार शितं आणि सकाळच्या पावाचा कोपरा एवढाच ऐवज गेला होता.

"माझं डोकं गरगरतंय," ते रस्त्याकडेच्या कठड्यावर बसत म्हणाले. "तुलाही भूक लागली असेल ना गं?"

"माझं असू दे. या गल्लीच्या मागे नावाड्यांची खाणावळ आहे, दिवसभर चालू असते. चला उठा."

"तुला कसं ठाऊक?"

"कुठेतरी ऐकलं होतं," ती त्यांच्या दंडाला धरून म्हणाली.

खाणावळीला पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी आणि एक मोठं पातेलं एवढीच मालमत्ता होती. खाणावळवाल्या बाईने भात, डाळ, तळलेला मासा आणि फोडलेला कांदा पुढ्यात ठेवला. तपासनिसांनी डोळे मिटले नाहीत, चमचा मागितला नाही, शीत तपासलं नाही. भुकेला कोंडा म्हणतात ते त्यांनी आजवर ऐकलेलं होतं, आज पाहिलं. डाळ बोटांवरून मनगटापर्यंत आली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. तिसऱ्यांदा भात घेतल्यावर त्यांना आजूबाजूला माणसं दिसू लागली.

"पुष्कळ भूक लागली होती की साहेबांना," बाई कौतुकाने म्हणाली. "मागल्या वर्षी एक साहेब आले होते ते असेच. वेळही हीच. चारदा भात घेतला, आणि खाता खाता मला विमा विकत होते."

तपासनिसांचा घास हातातच राहिला. "काळी छत्री होती का हो त्यांच्याकडे?"

"होती ना. इथंच विसरून गेले होते, मग पळत आले परत. निळ्या छपराच्या हॉटेलासमोर फोटो काढायला थांबले होते म्हणाले."

"आणि त्यांच्या बाईसाहेब?"

"त्या काही जेवल्या नाहीत. पोट भरलंय म्हणाल्या. या तुमच्या बसल्यात ना, तशाच पाण्याकडे बघत बसल्या होत्या."

हे शेवटचं वाक्य तपासनिसांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. त्यांच्या मनात दिवाळी उजाडली होती. वर्षभर जो लोण्यासारख्या माशाच्या गप्पा हाणत होता, तो इथे नावाड्यांच्या बाकड्यावर चार वेळा भात घेऊन गेला होता. बायकोसाठी जेवण मिळालं नाही तर न मिळो, साडूचा फुगा फोडायला टाचणी मिळाली. परतीच्या प्रवासात त्यांनी साडूला काय ऐकवायचं ते मनाशी बारा वेळा घोकलं. आधी छत्रीचा विषय काढायचा, मग विम्याचा, आणि मग सावकाश भातावर यायचं.

रविवारी साडूने दार उघडताच विचारलं, "काय साडूबुवा, कुठे कुठे जेवलात मग?"

तपासनीस खुर्चीत सावरून बसले. "सांगतो. आधी मला सांगा, तुमची ती छत्री..."

"थांबा हो, छत्री कसली," ताई फराळाच्या बशा मांडत म्हणाली. "तू सांग गं. काय काय खाल्लंस?"

आणि बायको सांगू लागली. पहिल्या हॉटेलातलं सूप, त्यावर तरंगणारी लोण्याची वर्तुळं. वेटरने न मागता आणून दिलेली खीर. एकेक शीत मोकळं असलेला भात. मग तिसऱ्या हॉटेलातला मासा, गालाला पीठ लागलेला मुख्य आचारी, त्याने आपल्या हाताने वाढलेला दुसरा तुकडा आणि निघताना आग्रहाने खायला लावलेला केक. चौथ्या हॉटेलात तर दरवानापासून मालकापर्यंत सगळे टेबलाभोवती उभे होते आणि प्रत्येक जण आपल्याकडचं काहीतरी चाखायला देत होता. तिचे डोळे चमकत होते. तपासनीस ऐकता ऐकता पुढे वाकले होते. वहीत फुली मारलेलं ते सूप इतकं चांगलं होतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. आणि बायकोला आठवणीत राहील असं जेवण एक नाही, चार मिळाली होती, हेही. ती त्यांनीच मिळवून दिली होती म्हणा, बाहेर उभं राहून.

"आचाऱ्याने तुम्हा दोघांशी हात मिळवला का?" साडूने बारीक आवाजात विचारलं.

"नाही हो भावजी. हे तेव्हा बाहेर होते."

"माझ्याशी मिळवला तेव्हा हेही बाहेरच होते," ताई बशीत चमचा ठेवत सहज म्हणाली. "दोन पर्यटकांना विमा समजावत होते. तासभर. मी एकटीच बसलेली पाहून त्या लोकांना इतकी दया आली म्हणून सांगू."

आता छत्री काढायला हरकत नव्हती. टाचणी हातात होती आणि फुगा समोर बसला होता. पण साडू त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहत होता, ती नजर तपासनिसांनी परवाच लॉजच्या आरशात पाहिली होती. बहिणी चहा आणायला आत गेल्या, तसा साडू जवळ सरकला.

"तुम्ही भात किती वेळा घेतलात?"

"तीनदा," तपासनीस म्हणाले.

"डाळ छान करते ना?"

"एक नंबर."

झाकली मूठ सव्वा लाखाची हे दोघांनाही न बोलता पटलं. आतून कपबशांचा आवाज येत होता आणि दोघी बहिणी पुढच्या वर्षीचा बेत आखत होत्या. तपासनिसांच्या बायकोचं म्हणणं होतं, की या खेपेला दोघींनीच जावं, कोणाची कटकट नको.

"छे गं," ताईचा आवाज आला. "यांना न्यायलाच हवं. नाहीतर बाहेर कोण उभं राहणार?"

दोघा साडूंनी एकमेकांकडे पाहिलं. मग तपासनिसांनी पुढ्यातली बशी उचलली आणि नमुना वगैरे काही न घेता सगळी रिकामी केली.