शेवटपर्यंत ऐकणारं माणूस

सॅम्युएलचा ‘नारळाखाली निवांत’ हा अल्बम नेटवर आला आणि दौंडमधल्या एकाही जिवंत माणसाच्यानं तो शेवटपर्यंत ऐकवला नाही. गाणी आठ होती, पॉप होती आणि त्यांना जमैकाच्या रेगे संगीताचा ठेका होता. रेगेत ठोका पडायला हवा तिथं पडत नाही, जरा मागून येतो. उशिरा येणाऱ्या गोष्टींचं दौंडकरांना कौतुक नाही. ते जंक्शनवर राहतात. शिवाय सगळी गाणी समुद्राची होती, आणि सॅम्युएलनं समुद्र पाहिलेला नव्हता. त्याची आई रूथ दुसऱ्या गाण्याला दळण आणायला म्हणून उठली. दळण आदल्याच दिवशी आणलं होतं.

योहानमामा शवपेट्या बनवायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. भाच्यानं रंधा हातात घ्यावा एवढीच इच्छा होती. सॅम्युएलला त्यापेक्षा मरण बरं वाटे, पण मेलं तरी मामांकडंच जावं लागणार होतं.

“एक माणूस दाखव,” मामा म्हणाले. “एकच. पैल्या गाण्यापासनं शेवटपत्तुर ऐकणारं. मग मी तुला कवा हाक मारणार न्हाई. न्हाईतर नाताळ झाला की गुमान कामाला यायचं.”

“तुम्हीच ऐका की, मामा.”

“ऐकलं असतं रे. पर मला अजून जगायचंय.”

तोड काढली आतिफनं, म्हणजे सॅम्युएलच्या एकुलत्या एक मित्रानं. “तुला पळता न येणारं माणूस पायजे. आमचे नाना हायेत वरवंडला.”

आतिफचे नाना, म्हणजे आईचे वडील मीरासाहेब, खुब्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळले होते. डॉक्टर “चाला, चाला” म्हणून थकले, पण नाना भीतीनं जमिनीला पाय लावायला तयार नव्हते. सॅम्युएलनं पलीकडच्या भिंतीपाशी स्पीकर लावला. पहिलं गाणं नानांनी पाहुणा म्हणून सोसलं. दुसऱ्याला ते म्हणाले, “आतिफ, बंद कर.” आतिफ गच्चीवर निघून गेला होता. तिसरं गाणं सुरू झालं तसे नाना उठले, भिंतीला धरून खोली ओलांडली आणि स्पीकरची वायर उपटली.

“अब्बा चालले!” त्यांची मुलगी रोशनबी किंचाळली.

मीरासाहेब हातातल्या वायरकडं बघत उभे होते. सॅम्युएल रडत होता, पण सगळ्यांना वाटलं आनंदानं.

बातमी पसरली. तळेगाव ढमढेऱ्याच्या जाईबाईंची वाचा लकव्यानं गेली होती. दुसऱ्या गाण्यातच त्या म्हणाल्या, “बंद कर, मुडद्या!” सगळं घर ढसाढसा रडलं. सॅम्युएलला शाल-नारळ मिळाला. मग रोज फोन येऊ लागले. लोक त्याच्या पाया पडत, पण तिसऱ्या गाण्यापुढं कुणी जात नसे. चौथं गाणं कसं आहे हे तो स्वतःच विसरत चालला होता.

नाताळच्या तोंडावर शिरूरहून महेंद्रचा फोन आला. त्याची आई कस्तुराबाई, मिशनच्या शाळेतल्या निवृत्त बाई, महिनाभर डोळे मिटून पडून होती. पेटीचं माप तो मामांना देऊन बसला होता. “पर आधी तुम्ही एकदा बघा,” तो म्हणाला.

पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. बाई हलल्या नाहीत. तिसऱ्याला गोधडीवर त्यांचं बोट हललं. ते ठोक्यावर पडत होतं, तेही जरा मागून.

“आवाज वाढवा!” महेंद्र म्हणाला. त्याची बायको प्रांजल देवाचा धावा करू लागली. चौथं झालं, पाचवं झालं. आठवं गाणं संपलं आणि बाईंनी डोळे उघडले.

“शब्द टुकार आहेत,” त्या म्हणाल्या. “पण कसली घाई नाही याला. पुन्हा लाव.”

प्रांजलनं हंबरडा फोडला. महेंद्रनं स्पीकर उचलून सॅम्युएलच्या हातात कोंबला. “न्हाईच गुण तुमचा! चला, उठा!”

“अहो, पण त्यांना आवडलंय!”

“जगणारं माणूस ‘बंद कर’ म्हणतं. म्हंजी गेलीच की ती!”

रविवारी बाई खरंच गेल्या.

“शब्द म्हंजी शब्द,” मामा म्हणाले. “सुटलास तू.” आणि ते फळी कापायला वळले. सॅम्युएलनं त्यांच्या हातून करवत घेतली.

“आता काय?”

“ही एवढी मी करतो.”

त्याला काहीच येत नव्हतं. मामा सांगत गेले, तो करत गेला. फळी बोटाला रेशमासारखी लागेस्तोवर त्यानं ती घासली. सांधे असे बसले की मामांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, आणि मग पाठ फिरवून उगाच खिळे मोजत बसले.

शिरूरच्या चर्चमध्ये प्रार्थना संपली तरी लोक उठेनात. रांगेनं येऊन पेटीवर हात फिरवत होते. एका म्हाताऱ्यानं सॅम्युएलला बाजूला घेतलं.

“तूच केली ना ही? माझं माप घेऊन ठेव, पोरा.”

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी सॅम्युएलकडं आपणहून काही मागत होतं. “आबा,” तो चाचरत म्हणाला, “तवा... गाणं पण लावू का?”

म्हाताऱ्यानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्याला पोराची दया आली.

“लाव बापडा,” तो म्हणाला. “पर झाकण घट्ट बसव.”