वज्रमुंडाचा अर्ज

मंगळवारी सकाळी अकरा वाजता 'पाताळगड' या मोबाइल गेममधला राक्षस वज्रमुंड मरण्याची परवानगी मागायला कंपनीच्या कोल्हापूरच्या ऑफिसात आला. दारातून शिंगं आत घ्यायला मान तिरकी करावी लागली, एवढाच काय तो खोळंबा.

गेमची रचना करणाऱ्या उल्का रेडेकरनं त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि अर्ज वाचला. अक्षर सुरेख होतं.

"बाई, पूर्वी हा गेम एकदा पैसे दिले की कायमचा मिळायचा," वज्रमुंड म्हणाला. "तेव्हा मी बाराव्या लेव्हलला रीतसर मरायचो. दिवसाला शंभर-शंभर वेळा. फार बरं वाटायचं. मग गेम फुकट झाला आणि तलवारी विकायला काढल्या. त्या खपाव्यात म्हणून माझं कातडं जाड केलंत. तेही सोसलं. आता महिन्याची वर्गणी. मी मेलो तर लोक वर्गणी बंद करतील, म्हणून जीव संपत आला की आपोआप भरतो. सहा वर्षांत एकदाही मेलो नाही."

"दमलात?"

"दमलो नाही हो, लाज वाटते. मिरजेला शाहिदा मुल्लाणी म्हणून एक बाई शिवणकाम करतात. रोज दुपारी मशीन थांबवून माझ्याशी लढतात. माझा एकेक वार त्यांना पाठ आहे. काल त्यांनी मला पुरतं लोळवलं आणि मी पुन्हा उठून उभा! त्यांच्या तोंडाकडं बघवेना."

जीव भरण्याची प्रोग्राममधली ती ओळ उल्कानंच लिहिली होती. ती अर्ज घेऊन थेट मालकांच्या, म्हणजे बोंद्रे साहेबांच्या केबिनमध्ये गेली. वज्रमुंड मागोमाग आला.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "तत्त्वतः हरकत नाही. पण हे मेल्यावर पैसे कोण देणार?"

"मेल्यावरच घ्यायचे!" उल्का म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यानं ताडकन उभी राहिली. "वर्गणी बंद. तलवारी फुकट. ज्यानं राक्षस पाडला त्यानं पैसे द्यायचे, तेही एकदाच. मग यांना मारायची घाई आपल्यालाच! गेम चाळीस लेव्हल्सपर्यंत ताणायचं कारणच उरत नाही, साहेब. मला त्या कधीच नको होत्या."

वज्रमुंडाच्या शेपटीनं जग लवंडला.

"शनिवारपर्यंत करा," साहेब म्हणाले. "पैसे आले नाहीत, तर सोमवारी पुन्हा वर्गणी."

चार दिवस उल्कानं नुसती कात्री चालवली. चाळिसाच्या बारा लेव्हल्स झाल्या. वज्रमुंड शेजारी बसून सुचवत होता, "इथं मला जरा चिडू द्या. न चिडता मरण्यात काय मजा?" फावल्या वेळात तो पॅसेजमध्ये पडण्याचा सराव करायचा. खालच्या दंतवैद्यांनी लेखी तक्रार केली. तिला लेखी उत्तर गेलं.

शनिवारी दुपारी शाहिदाबी गेममध्ये शिरल्या. अख्खं ऑफिस पडद्यासमोर गोळा झालं. वज्रमुंड मनापासून लढला, कुठंही ढिलाई नाही. अखेर त्याचा जीव केसाएवढा उरला. आणि शाहिदाबी थांबल्या. सहा वर्षांची सवय. आता जीव भरणार म्हणून वाट बघत राहिल्या.

जीव भरला नाही. वज्रमुंड छाती पुढं काढून उभाच.

"मारा, शाहिदाबी, मारा!" उल्का पडद्याकडं बघून ओरडली.

वार बसला. वज्रमुंड डाव्या कुशीवर असा कोसळला, की सरावात एकदाही तसं जमलं नव्हतं.

पाच मिनिटांनी ऑफिसचा फोन वाजला. "मिरजेहून बोलतेय. ते उठंनात."

"नाही उठणार. तुम्ही जिंकलात. वर्गणी बंद, आता जिंकल्याचे एकदाच पैसे."

"म्हणजे संपला? खरंच संपला?" पलीकडं शिवणाच्या दुकानातल्या बायकांचा एकच कल्ला. त्यातूनच शाहिदाबींचा आवाज आला, "पैसे कुठं भरायचे, ते सांगा आधी!"

बोंद्रे साहेबांनी धावत येऊन फोन घेतला.

तेवढ्यात वज्रमुंड अंगावरची धूळ झटकत आत आला. "बघितलंत ना, बाई? कसा पडलो?"

"बघितलं. इचलकरंजीचे दोघं बाराव्या लेव्हलला पोचलेत."

"इतक्यात?" त्यानं नुकताच उघडलेला डबा तसाच टाकला आणि पुन्हा मरायला पळाला.