जागतिक साहित्याचा तिसरा खंड

सोलापुरात गुन्हे घडतात ते केवळ आपण वेळेवर तिथे पोचलेलो नसतो म्हणून, असे सोमशेखरांचे मत होते. कार्डावर त्यांनी ‘अन्वेषक, विश्लेषक, मार्गदर्शक’ असे छापून घेतले होते. त्यांची सहायक हेमावती रसायनशास्त्राची पदवीधर. पुराव्याविना निष्कर्ष कसा निघतो, हे ती त्यांच्या हाताखाली रोज पाहत असे.

कॉलेजात शिकणाऱ्या काव्याला आफ्रिकी लोककथांवरचा निबंध गुरुवारी पाचपर्यंत द्यायचा होता. नाही तर परीक्षेला बसू देणार नव्हते. लिहून झाला होता, अवतरणे तेवढी राहिली होती. ती होती जागतिक साहित्याच्या तिसऱ्या खंडात. वाचनालयाच्या संगणकावर खंड ‘उपलब्ध’ होता. कपाटात मात्र मंगळवारपासून तिन्ही खंडांच्या जागी धूळ नसलेला चौकोन होता. म्हणून तिने सोमशेखरांना वाचनालयात बोलावले.

“इंटरनेटवर बघू की,” हेमावती म्हणाली.

सापडला. पण आधी ‘मी रोबो नाही’ या चौकटीत खूण करायची होती. सोमशेखरांनी हात मागे घेतला. “वकिलाशिवाय मी जबाब देत नसतो.”

खूण हेमावतीने केली. स्कॅन करणाऱ्याने फक्त उजवीकडची पाने घेतली होती. सिंह एका पानावर मेला होता आणि पुढच्या पानावर जेवत होता.

“आंतरराष्ट्रीय टोळी!” सोमशेखर म्हणाले. “माल अक्कलकोटमार्गे कर्नाटकात गेला.”

“मराठी भाषांतराचं तिकडं काय करतील, सर?”

“म्हणूनच कुणाला संशय येत नाही.”

ग्रंथपाल जांभया देत होते. ते रात्री जागून खंड वाचत असणार, असे सोमशेखरांनी जाहीर केले. ग्रंथपालांनी हा आरोप तत्काळ फेटाळला. आपण वाचत नाही, याला त्यांच्याकडे साक्षीदार होते.

“सर, गुरुवारचे चार वाजले,” काव्या रडवेली झाली. “टोळी उद्या पकडा, आज पुस्तक द्या की!”

फरशी पुसणाऱ्या सुंदरम्माने मान वर केली. “कुटलं? ह्ये तीन जाडजूड?”

तिने संगणकाच्या पडद्याखाली बोट दाखवले आणि ती ग्रंथपालांकडे वळली.

“सोमवारी तुमीच म्हनला न्हवं का, मान लई दुखतीया, पडदा वर करा? मीच ठिवलं.”

दोन दिवस त्याच खंडांवर उभ्या पडद्यावर सोमशेखर ‘उपलब्ध’ हा शब्द मोठ्याने वाचत होते.

“म्हणजे पहिल्यापासून ते माझ्या नजरेखालीच होते,” ते म्हणाले.

काव्या तिसरा खंड ओढून पळाली आणि पाचला पाच कमी असताना निबंध देऊन आली. पडदा कलला होता. सुंदरम्माने सोमशेखरांची तपासाची फाईल उचलून त्या जागी सरकवली. फाईल पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडली.