बाईंचे मिस्टर आणि बिनतारी गिअर

बाईंच्या मिस्टरांनी आयुष्यात स्वतःच्या मनाने घेतलेले निर्णय हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि तेही एकाच हाताच्या. त्यातला एक त्यांनी परवाच्या बुधवारी घेतला. सायकलचे गिअर बदलायचे, बस्स, एवढाच. साबण बदलावा तसा साधा निर्णय हो! पण मिस्टरांचे साधे निर्णय कधी साधे राहिले असतील तर शपथ.

बाई म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाई. तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून त्यांनी अर्ध्या गावाला अपूर्णांक शिकवले. त्यामुळे रस्त्यात लोक थांबून बाईंशी बोलतात आणि शेजारच्या माणसाकडे बघून म्हणतात, ‘‘हे बाईंचे मिस्टर, नाही का?’’ मिस्टरांना स्वतःचं नाव आहे. कचेरीच्या रेकॉर्ड रूमच्या दारावर ते रंगवलेलंही आहे, पण त्या दारापर्यंत येतंय कोण?

सायकली आल्या त्या मिस्टरांच्या तब्येतीसाठी. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, साखर उतरवा. म्हणून दोन वर्षांपूर्वी दोघांनी जाड टायरच्या दोन माउंटन बाइक घेतल्या. साखर उतरली नाही ती नाहीच. पण बाईंना मात्र सायकलीचं वेड लागलं. (औषध एकाला आणि गुण दुसऱ्याला, हे आमच्या मिस्टरांच्याच बाबतीत घडू शकतं.) दर रविवारी सकाळी टेकडी. बाई पुढे जायच्या आणि वळणावर थांबून वाट बघायच्या. मिस्टर धापा टाकत पोचेपर्यंत बाईंची विश्रांती झालेली असायची, मग बाई निघायच्या. मिस्टरांची विश्रांती व्हायची असायची, पण बाई निघाल्या म्हणून मिस्टरही निघायचे. दोन वर्षांत त्या टेकडीवर दोघांचं मिळून एक वाक्य पुरं झालं नव्हतं. मिस्टरांना त्याचं वाईट वाटायचं. आठवडाभर बाई पेपर तपासणार, हे फायली लावणार. रविवार तेवढा दोघांचा, तर तोही असा शंभर हातांच्या अंतराने जायचा.

तर त्या बुधवारी बाई फोनवर बोलत होत्या. पलीकडे होता सायकल ग्रुपचा म्होरक्या, पेशाने डेंटिस्ट. आयुष्यभर लोकांना ‘आ करा’ म्हणणारा हा माणूस सायकलवर बसला की ‘तोंड मिटा, नाकाने श्वास घ्या’ म्हणून ओरडतो. ग्रुप आठ दिवसांसाठी डोंगरात जाणार होता. अट एकच: रविवारी सकाळी आठला निघून नऊच्या आत टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी जो पोचेल त्याचं नाव पक्कं.

बाई म्हणाल्या, ‘‘मिस्टर पोचले तर दोघं येऊ. नाहीतर राहू द्या. मी एकटी नाही यायची.’’

आवाज अगदी सहज होता. पण फोन ठेवल्यावर बाईंनी टेबलावरचा डोंगराचा नकाशा, ज्यावर त्या महिनाभर पेन्सिलने रेघा ओढत होत्या, तो घेतला आणि घडी घालून कपाटात कपड्यांच्या खाली सरकवला. मिस्टर दारातून बघत होते. त्यांना भडभडून आलं. आपल्या दोन पायांपायी हिचा डोंगर बुडणार! त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, की काय वाट्टेल ते झालं तरी रविवारी नऊच्या आत टाकी गाठायची.

पाय तर चार दिवसांत बदलता येत नाहीत. म्हणून मिस्टर गिअर बदलायला सायकलच्या दुकानात गेले.

‘‘दोन प्रकार आहेत,’’ दुकानदार म्हणाला. ‘‘मेकॅनिकलमध्ये तार असते. तार ओढली की गिअर बदलतो. इलेक्ट्रॉनिकला तारबीर काही नाही. बटण दाबायचं, की मागची मोटर गिअर बदलते.’’

‘‘दोन्हींत फरक किती?’’

‘‘तो पायाला कळतो.’’

‘‘किमतीतला विचारतोय.’’

‘‘तो खिशाला कळतो.’’

आणि त्याने आकडा सांगितला. मेकॅनिकलचा अख्खा सेट येईल एवढ्यात इलेक्ट्रॉनिकची नुसती बॅटरी आणि बटण येत होतं. मिस्टर चार पावलं दाराकडे गेले. पण जाता जाता त्यांनी तिथल्या एका सायकलचं बटण दाबून पाहिलं. झिप्! साखळी अलगद एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर जाऊन बसली. खडखड नाही, करकर नाही. मिस्टर तिथेच विरघळले.

मग त्यांच्या मनात आलं, आपण झिप् करत जायचं आणि तिने खडखड करत? त्यांना ते बघवेना. त्यांनी दोन सेट घेतले. स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यासाठी बाजूला टाकलेले पैसे त्यात गेले. घरी सांगितलं की सायकली सर्व्हिसिंगला टाकल्यात आणि साधे नवे गिअर बसवतोय, सूट होती.

शनिवारी सायकली घरी आल्या. बाई पेपरांच्या गठ्ठ्यातून उठून बघायला आल्या.

‘‘तार कुठाय हो याची?’’

‘‘आतून आहे.’’

‘‘मेकॅनिकलच ना?’’

‘‘छे, छे, म्हणजे हो, मेकॅनिकलच. अगदीच मेकॅनिकल.’’

‘‘बरं,’’ बाई म्हणाल्या. (बाईंच्या ‘बरं’चे सात प्रकार आहेत. हा पाचवा होता, पण मिस्टरांना अजून तिसऱ्यापर्यंतच ओळखता येतात.)

आता घोळ कुठे झाला ते सांगतो. हँडलवरची बटणं बसवण्याचं काम मिस्टरांनी स्वतःकडे ठेवलं होतं. तार नाही, एक स्क्रू तर पिळायचा, त्याची मजुरी कशाला? दुकानातल्या कारागिराने एकेक बटण एकेका सायकलच्या मोटरशी बिनतारी जुळवून दोन पाकिटांत घालून वर ‘१’ आणि ‘२’ लिहून दिलं. त्याच्या हिशेबी एक नंबर म्हणजे साहेबांची सायकल. कुणाच्याही हिशेबी तेच असेल. पण मिस्टर पडले रेकॉर्ड रूमचे. घरातल्या सगळ्या वस्तूंना त्यांनी नंबराच्या चिठ्ठ्या लावलेल्या: कप, छत्र्या, टॉवेल, चष्म्याची घरं. आणि लग्न झाल्यापासून त्या घरात एक नंबर बाईंचा आहे. त्यांनी कसलाही विचार न करता पहिलं पाकीट बाईंच्या सायकलवर चढवलं. मग दोन्ही सायकली भिंतीला चिकटून उभ्या असताना बटण दाबून पाहिलं. झिप् आवाज आला. कुठल्या सायकलमधून आला हे बघायचं त्यांना सुचलं नाही. ते समाधानाने जेवायला बसले.

रविवारी सकाळी आठला दोघं निघाले. सपाट रस्त्यावरच बाई म्हणाल्या, ‘‘अहो, याचा गिअर आपोआप बदलतोय.’’

‘‘नवीन पद्धत आहे. चढउतार बघून बदलतो,’’ मिस्टरांनी दडपून सांगितलं. त्यांचं स्वतःचं बटण दाबलं तर काही होत नव्हतं, आणि हात लावला नाही तर मधूनच काहीतरी होत होतं. पण एवढी महागाची वस्तू, तिचा काही विचार असेल, असं म्हणून ते गप्प राहिले.

टेकडी सुरू झाली. बाई वीसेक पावलं पुढे. पहिल्याच चढावर मिस्टरांचे पाय भरून आले. त्यांनी हलक्या गिअरसाठी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग टकटक टकटक दाबतच सुटले. तिकडे पुढे बाईंचे पाय एकदम शिवणयंत्रासारखे फिरायला लागले. सायकल जागच्या जागी आणि पाय मात्र गरगर! घाबरून बाईंनी जड गिअरचं बटण दाबून धरलं. त्याबरोबर मागे मिस्टरांचं पेडल दगडासारखं घट्ट झालं. मिस्टर क्षणभर सरळ उभे राहिले, मग हळूहळू, अगदी सावकाश, डावीकडे कलत झुडपात गेले.

बाई सायकल टाकून धावत आल्या. ‘‘लागलं का हो? कुठं लागलं?’’

‘‘लागलं नाही. काटे आहेत फक्त.’’

बाईंनी त्यांच्या पाठीतले काटे काढता काढता थोडा विचार केला. मग दोन्ही सायकली शेजारी उभ्या केल्या आणि मागचं चाक उचलून म्हणाल्या, ‘‘तुमचं बटण दाबा.’’

झिप्. बाईंच्या सायकलची साखळी सरकली.

‘‘आता मी दाबते.’’

झिप्. मिस्टरांची साखळी सरकली.

बाईंनी वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. ‘‘अगदीच मेकॅनिकल, नाही का?’’

मिस्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. ‘‘आपण सायकली बदलून घेऊ या का?’’

‘‘त्याने काय होणार? माझ्या हातात तुमचं आणि तुमच्या हातात माझंच राहील ना!’’

स्क्रू पिळायचा पाना घरी. दुकान रविवारी बंद. घड्याळात आठ वाजून वीस मिनिटं. मिस्टर झुडपाशेजारी मटकन खाली बसले.

‘‘तू जा,’’ ते म्हणाले. ‘‘एकटी जा. डोंगरातही जा. मी ऐकलं सगळं फोनवरचं. माझ्यामुळे तू राहिलीस तर मला सहन नाही व्हायचं.’’

ओढणीचं टोक हँडलला अडकू नये म्हणून बाईंनी ते कमरेला घट्ट खोचलं. ‘‘उठा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही पुढे व्हा, मी मागे. लांब गेलं की बटण पोचायचं नाही, म्हणजे जवळच राहायला हवं. तुम्हाला काय हवं ते ओरडून सांगा, मी देते. मला हवं ते तुम्ही द्या. आणि खाली बघायचं नाही, समोर बघा.’’

निघाली वरात.

‘‘हलका दे!’’

‘‘दिला! मला एक जड!’’

‘‘दिला! अगं, फार हलका झाला, एक परत घे!’’

‘‘घेतला! अहो, मला दोन नाही, एक म्हटलं होतं!’’

‘‘चुकून दाबलं!’’

सकाळी फिरायला आलेली माणसं बाजूला होऊन बघायला लागली. मिस्टरांना त्याचं काही नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा बाईंचा आवाज त्यांच्या पाठीला लागून होता. दुसऱ्या वळणावर बाईंनी विचारलं, ‘‘किती पडले?’’

‘‘मी? एकदाच पडलो.’’

‘‘पैसे हो!’’

‘‘वर... गेल्यावर... सांगतो.’’

‘‘आत्ता सांगा.’’

‘‘ओटा...’’ एवढंच मिस्टरांना म्हणता आलं.

‘‘अख्खा ओटा?’’

‘‘दोघांचा मिळून... हलका दे!’’

मिस्टरांचा जीव टांगणीला. मग आवाज आला, ‘‘दिला! चला पुढे, ओटा कुठे पळून जात नाही. मला एक हलका!’’

‘‘दिला!’’

तिसरं वळण गेलं. चौथ्यावर चढ असा उभा, की दर वेळी मिस्टर तिथेच उतरून सायकल ढकलायचे. त्यांनी ओठ चावले. ‘‘हलका दे गं!’’

‘‘दिला!’’

‘‘अजून एक!’’

‘‘हा घ्या, दिला! अजून एक आहे, तो शेवटच्या चढासाठी ठेवलाय! चला!’’

‘‘आता कसा... लोण्यासारखा... चाललाय!’’

‘‘बोलू नका! मला जड!’’

‘‘दिला!’’

पाचवं वळण. टाकीचा कठडा दिसायला लागला. कठड्याशी डेंटिस्ट घड्याळ घेऊन उभा. मिस्टरांच्या कानांत नुसती धडधड, डोळ्यांत घाम, पाय आपले आहेत की शेजाऱ्याचे तेही कळेना. ‘‘शेवटचा... दे!’’

‘‘दिला हो, दिला!’’ बाई मागून ओरडल्या, आणि तो आवाज जरा ओला होता.

आठ वाजून सत्तावन्न मिनिटांनी मिस्टरांचं पुढचं चाक टाकीच्या कठड्याला जाऊन धडकलं. पाठोपाठ बाई. डेंटिस्टने घड्याळ बघितलं, मिस्टरांकडे बघितलं, पुन्हा घड्याळ बघितलं. ‘‘दोघंही वेळेत,’’ तो म्हणाला. ‘‘दोघांची नावं पक्की. पण इतका आरडाओरडा करत टेकडी चढलेलं जोडपं मी आजवर पाहिलं नव्हतं.’’

बाई हसल्या. मिस्टरांनी ते हसू लग्नानंतर फार थोड्या वेळा पाहिलं होतं. दोघं कठड्यावर शेजारी शेजारी टेकले. कुणाला कुठे निघायची घाई नव्हती. बाईंनी ओढणीने त्यांचं कपाळ पुसलं, उरलेला एक काटा मानेतून काढला.

श्वास जागेवर आल्यावर मिस्टरांची छाती जरा फुगली. ‘‘ओट्याचं वाईट वाटून घेऊ नकोस,’’ ते म्हणाले. ‘‘महाग ते महाग, पण इलेक्ट्रॉनिक ते इलेक्ट्रॉनिकच. साधे गिअर असते तर चौथ्या वळणावर आडवा झालो असतो. कसा हलका होत गेला बघितलंस ना?’’

बाईंनी बाटलीतलं पाणी त्यांच्या हातात दिलं. ते दोन घोट पिईपर्यंत त्या थांबल्या.

‘‘अहो, तुमच्या गिअरचा दिवा तिसऱ्या वळणावरच विझला. नवी बॅटरी पुरती चार्ज न करताच आपण निघालो, ती संपली. तेव्हापासून तो आहे तिथेच अडकलाय, जरासुद्धा हललेला नाही. मी बटण दाबत नव्हतेच. नुसती तोंडाने ‘दिला’ म्हणत होते.’’

मिस्टरांनी बाटली खाली ठेवली. वाकून आपल्या मागच्या चाकाकडे बघितलं. साखळी मधल्या चक्रावर निवांत बसली होती.

‘‘म्हणजे तो सगळा चढ मी...?’’

‘‘तुम्ही. तुमच्या पायांनी.’’ बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. ‘‘मला तर मागून बघताना रडू येत होतं. आता एक करू या, तुमचा सेट उद्या परत देऊन टाकू. तुम्हाला गिअर लागतच नाहीत. निदान अर्धा ओटा तरी होईल.’’

मिस्टरांनी बाटली उचलून तिचं झाकण घट्ट पिळलं.

‘‘परत घेत नाहीत,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘मी विचारलं होतं. पैसे दिल्यावर लगेच, दुकानाच्या पायरीवरूनच.’’