दार आधी, भिंती मागून

बदनापुरात वंदनाबाईंच्या दोन खोल्यांचं काम घेताना संपत ठेकेदारानं कागदावर क्रम लिहून दिला होता: जोतं, भिंती, पत्रे, गिलावा आणि सगळ्यात शेवटी दार. मेअखेर भाड्याची खोली सोडायची होती; खोलीमालकानं नवा भाडेकरूही ठरवून टाकला होता. एक दिवस वाया घालवायची सोय नव्हती.

पण कागदाला सासूबाई कुठे ठाऊक असतात? जोतं झालं आणि सगुणाबाई म्हणाल्या, "चौकटीचा मुहूर्त गुरुवारी हाये. मंग थेट दिवाळीनंतर."

"मावशी, भिंती न्हाईत तर चौकट लावू कशाला?"

"जोत्यावर लाव."

गुरुवारी हळदकुंकू होऊन चौकट उभी राहिली. रिकामी चौकट बरी नव्हे म्हणून दारही बसलं. चहूबाजूंनी मोकळ्या जोत्यावर ते एकटंच, मोठ्या ऐटीत. वर सगुणाबाईंचा हुकूम, "आता आडवाटेनं कोणी घरात शिरायचं न्हाई."

विटांचा ढीग मागं, दार पुढं. प्रत्येक पाटी अख्ख्या जोत्याला वळसा घालून आत जायला लागली. कचरू मिस्त्री दारात चपला काढायला लागला, तेव्हा संपतनं कपाळावर हात मारून घेतला.

सोमवारी सकाळी दाराला कुलूप. सगुणाबाई लेकीकडे वाटूरला गेलेल्या, किल्ली त्यांच्या कमरेला. मजूर बाहेर ओळीनं बसलेले.

संपत खेकसला, "काय बसून राह्यले? जा की बाजूनं."

कचरू शांतपणे म्हणाला, "मालक, कुलूप लावलेल्या घरात कसं शिरायचं? उद्या काही गेलं तर नाव आमचं."

"काय जाणार हाये तिथून? भिंती?"

"त्या तर न्हाईतच अजून."

चिडून संपतनं स्वतःच बाजूनं जोत्यावर पाय ठेवला. रस्त्यानं चाललेल्या दोन बायका थबकून पाहू लागल्या. त्याला चोरी करताना सापडल्यासारखं वाटलं, आणि त्यानं पाय मागं घेतला.

दहा वाजता वंदनाबाई धापा टाकत आल्या. "संपतभाऊ, असे दिवस गेले तर आम्ही रस्त्यावर येऊ हो. काम का थांबलं?"

संपत खाली मान घालून म्हणाला, "ताई, घरात कोणी न्हाई ना."

वंदनाबाई तरातरा जोत्याच्या कडेपर्यंत गेल्या. तिथं जरा घुटमळल्या. मग परत फिरून दारासमोर कचरूशेजारी टेकल्या आणि त्यांनी सासूबाईंना फोन लावला.

"आई, जल्दी या. आम्ही सगळे घराबाहेर अडकलोय."