वरच्या ज्ञानाचा हिरवा शिक्का

मोठ्याने सांगते, म्हणजे मागच्या बाकावर डुलक्या काढणाऱ्यांनाही ऐकू येईल: यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझ्या उरलेल्या चार दाढा आत्ता इथे गळून पडोत.

आमची मराठी मंडळी, म्हणजे आमचं चर्च, सिल्वासात टोकरखाड्याला भरते. पुढे हॉल, मागे एक खोली. खोलीत पलंग, आणि वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्या उपदेशकांसाठी एसी. बाकी वर्षभर कुलूप.

एका रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "ज्ञान दोन तऱ्हेचं. एक देवाचं, वरून येतं. एक जगाचं, खालचं. ओळखायला शिका." उपदेश चांगला झाला. लोक चपला शोधायला लागले होते, तेवढ्यात मिलिंदने हात वर केला. हा आमचा पंच, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांतला एक, मूळचा पुण्याचा, प्लास्टिकच्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर.

"साहेब, ओळखायची प्रोसिजर काय?"

"नम्रता बघा, दया बघा," पाळकसाहेब म्हणाले.

"बघायचं कोणी? रेकॉर्ड कुठे ठेवायचं?"

पाळकसाहेबांनी बायबल मिटलं. ज्या प्रश्नाला उत्तर नाही त्याच्यावर कमिटी बसते, तशी बसली. 'ज्ञान तपासणी समिती'. मिलिंद अध्यक्ष, बँकेतल्या नीलिमाबाई सेक्रेटरी, आणि ज्येष्ठ महिला सदस्य म्हणून मी. माझ्याकडे चहा. वापीहून दोन शिक्के करून आणले: हिरव्या शाईचा 'वरचं', लाल शाईचा 'खालचं'.

सुरुवातीला बरं चाललं. प्रीतिभोजनाला बटाटा की वांगं, हा प्रश्न आला. वांगं खालचं ठरलं, कारण ते अध्यक्षांना बाधतं. मग मिलिंदने दान दिलेल्या पन्नास खुर्च्यांवर त्याचं नाव रंगवायचं का, हे आलं. सगळ्या खुर्च्यांवर रंगवलं तर गर्व, म्हणून नम्रतेने फक्त पुढच्या तीन रांगांवर. हिरवा शिक्का. मंडळीतली एक सून, कीर्ती, तर सासूला उलट बोलायच्या आधी अर्ज आणून द्यायला लागली. मंजुरी येईपर्यंत सासू गावाला निघून जायची, एवढा मात्र फायदा झाला.

मग दुर्गा आली. ती आणि तिचा नवरा समाधान, खानदेशातली पोरं, किलवणीच्या बाजूला धाग्याच्या कारखान्यात दोघं पॅकिंगला. दुर्गाला आठवा महिना. वाऱ्याने चाळीचे पत्रे उडवून नेले होते, आणि मालक म्हणत होता, नवे बसवायला आठ दिवस लागतील. समाधान शिफ्टला गेलेला, म्हणून ही एकटीच, सोबत एक पेटी.

"आजी, तेवढे आठ दिवस मागली खोली देऊन द्या ना."

मी चावीसाठी हात पुढे केला. मिलिंद म्हणाला, "मावशी, घाई नको. दया आली की लगेच दार उघडायचं, ही नुसती भावना झाली. ज्ञान थांबतं."

"किती थांबतं?"

"तीन प्रतींत अर्ज येईपर्यंत."

अर्जाला रकाने होते, बायबलात वरच्या ज्ञानाच्या ज्या खुणा दिल्यात त्यांचा एकेक. 'दया' या रकान्यापुढे पुरावा जोडायचा, म्हणजे उडालेल्या पत्र्यांचा फोटो. दुर्गाने मोबाइलवर काढून आणला.

नीलिमाबाईंनी चष्मा वर करून बघितला. "अगं, यात नुसतं आभाळ आहे. पत्रे कुठे दिसतात?"

"ताई, मी तेच तर सांगून राहिले!"

'पक्षपात नाही' हा रकाना भारी पडला. एकट्या दुर्गाला खोली दिली तर पक्षपात. म्हणून फाटकावर नोटीस लावली, ज्याला खोली हवी त्याने अर्ज करावा. दोन दिवसांत एकोणचाळीस अर्ज. एक सुरतच्या कुटुंबाचा होता, त्यांना दुधनीच्या तलावावर बोटीत बसायला जायचं होतं, एसी चालू आहे ना, अशी चौकशी केली होती. एका खोलीत एवढी माणसं मावेनात. मग सगळ्यांना सारखा न्याय: कोणालाच नाही, आणि विषय प्रार्थनेत ठेवायचा.

दुर्गा पोर्चमध्ये पेटीवर बसून होती. "अर्जदार डोळ्यांसमोर असला की समितीचं मन झुकतं," मिलिंद म्हणाला. म्हणून तिला फाटकाबाहेर बसवलं. पेटी पाळकसाहेबांनी स्वतः उचलून नेऊन दिली. तेवढी सेवा झाली.

राहिला शेवटचा रकाना, 'ढोंग नाही'. समितीने स्वतःच स्वतःला दाखला द्यावा, तर नियमात बसेना. शेवटी मिलिंदने तोडगा काढला. समिती ढोंगी नाही, असं अर्जदाराने लिहून द्यायचं.

"सही करा इथे, दुर्गाताई."

दुर्गाने सावकाश वाचलं. "साहेब, यात खोटं लिहून दिलं तर तुमचा कोणता शिक्का बसतो?"

मिलिंदने लगेच नोंद केली: अर्जदारात नम्रता कमी.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून कमळाबाई आली. ही भजीची गाडी लावते. आमच्या मंडळीची नाही, कुठल्याच मंडळीची नाही. हाताला बेसन तसंच.

"काय गं बये, कधीची बसलीस? पाय बघ किती सुजलेत!" पेटी उचलून डोक्यावर घेतली. "चल. एकच खोली आहे माझी, पण पंखा फिरतो."

गेल्या दोघी. समितीची तातडीची बैठक बसली. कमळाबाईला कोणता शिक्का मारायचा? बाईने अर्जच केलेला नव्हता, त्यामुळे तिचं ते ज्ञान धरता येईना. अहवालात लिहिलं: 'समितीच्या प्रार्थनेला उत्तर मिळाले. प्रकरण निकाली.' वर हिरवा शिक्का. मी चहा केला.

आता एक कबूल करते. कमळाबाई माझ्या पदरची. अशी कोणी आली नाही. चौथ्या दिवशी समाधानने दुर्गाला धुळ्याच्या बसमध्ये चढवलं, बसायला जागा नव्हती. तिच्या शिक्क्यासाठी बसलेली ती तातडीची बैठकही अर्थात माझ्याच पदरची. अहवाल मात्र खरा, शब्दशः तोच आहे, शिक्क्यासकट.

ती आली तेव्हा तुम्हाला सुटल्यासारखं वाटलं ना? मलाही वाटलं, म्हणून तर घातली. माझ्या घरी मागे एक खोली आहे. वॉशिंग मशीनचा रिकामा खोका ठेवलाय तिच्यात, आणि ते चार दिवस ती खोली मला काही केल्या आठवली नाही.

तुमच्या मागच्या खोलीत काय ठेवलंय?